पावसाळ्यात गोल्फच्या मैदानावरचं टॉयलेट: रात्रीत टाकी का भरते?

सकाळी पहिला गट टी-वर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, यायच्या आधी टॉयलेटखालच्या मैल्याच्या टाकीत काठी घाला. बाकीची सगळी कामं त्यानंतर.

काठी म्हणजे अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा मीटरभर तुकडा. खालचं तोंड टोपीने बंद करायचं आणि दर सेंटिमीटरला पर्मनंट मार्करने रेघ मारायची, दर पाचाला जाड. सीटमधून ती सरळ तळाला टेकवायची, वर काढायची, ओल कुठवर आली ते पाहून वहीत लिहायचं. आपल्याकडच्या बहुतेक उचलून ठेवता येणाऱ्या प्लास्टिक टॉयलेट-केबिनच्या मैल्याच्या टाकीचा तळ साधारण ९० बाय ६० सेंटिमीटरचा असतो, म्हणजे १ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ साडेपाच लिटर. तुमच्या टाकीचं माप वेगळं असेल तर लांबी गुणिले रुंदी भागिले १०००, की झाला तुमचा आकडा. संध्याकाळी मैदान बंद होताना एक नोंद, पहाटे दुसरी. रात्री मैदानावर कुणीच नसतं. तरीही पातळी २ सेंटिमीटर चढली असेल तर ११ लिटर पाणी आलं, आणि ते पावसाचंच.

हा हिशेब एवढ्यासाठी की पावसाळ्यात ‘टॉयलेट लवकर भरतंय’ अशी तक्रार आली की लगेच टँकरच्या फेऱ्या वाढवल्या जातात. फेऱ्या वाढल्या की चिखलात चाकं रुततात, फेअरवे म्हणजे खेळाचा गवताचा पट्टा फाटतो, पैसे जातात आणि मूळ दुखणं तसंच राहतं. आधी ओळखायचं की टाकीत येणारं पाणी कुणाचं: छताचं, शौचानंतर धुण्याचं की केबिनच्या साफसफाईचं. तिघांचे उपाय वेगळे आहेत.

छताचं पाणी

केबिनचं छत साधारण सव्वा चौरस मीटरचं. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार पाऊस’ सुरू होतो. तेवढ्या पावसात एका छतावर ८० लिटर पाणी पडतं. त्यातलं सातवा हिस्सा जरी आत मुरलं तरी सकाळी काठीवर २ सेंटिमीटर दिसणार.

पहिला संशय सगळे टाकीतला वास छतावर सोडणाऱ्या पाइपवर घेतात, कारण तो उघडा दिसतो. पण चार इंची पाइपच्या तोंडातून १०० मिलिमीटर पावसातही लिटरभर पाणी आत जात नाही. टोपी हवीच, ती पानं, पाली आणि गांधीलमाश्यांसाठी. पाणी शिरतं ते पाइप छतातून बाहेर येतो तिथल्या रबरी कॉलरमधून आणि छत-भिंतीच्या जोडावरच्या रिव्हेटमधून. साध्या पॉप रिव्हेटच्या मधोमध आरपार भोक असतं. आतली खिळ्याची गोळी गंजून गळाली की तिथून थेंब सुरू होतो, आणि तो भिंतीच्या आतल्या अंगाने ओघळत टाकीवर येतो. वरून पाहिलं तर रिव्हेट धडधाकट दिसतो. आतून पाहा: गळक्या रिव्हेटखाली भिंतीवर तपकिरी, बोटभर रुंद ओघळ उमटलेला असतो. तोच धरून वर जा.

इथे एक चूक फार ठिकाणी दिसते. गळती दिसली की सिलिकॉनची ट्यूब आणून थापली जाते, नाहीतर एम-सील. केबिन एफआरपीची म्हणजे फायबरची असेल तर कोरड्या, पॉलिश पेपरने घासलेल्या पृष्ठभागावर सिलिकॉन धरतं. पण एचडीपीईची, मेणासारख्या स्पर्शाची प्लास्टिक केबिन असेल तर सिलिकॉन आणि एम-सील दोन्ही तिला धरत नाहीत. नखाने उचललं की आख्खी पट्टी निघून येते. तिथे जुना रिव्हेट ड्रिल करून काढायचा, बंद तोंडाचा रिव्हेट निओप्रीन वॉशरसकट बसवायचा आणि जोडावर ब्युटाइल टेप दाबून लावायची. चीर गेली असेल तर प्लास्टिक वेल्डिंगवाल्याला बोलवायचं. टेप असो की वेल्डिंग, दोन्हींना पृष्ठभाग खडखडीत कोरडा लागतो, म्हणून हे काम मे महिन्यातलं. मृग लागल्यावर छत कोरडं मिळत नाही.

छताचं तपासायला पाऊस लागत नाही. एकाने आत उभं राहून दार लावायचं, दुसऱ्याने बाहेरून बागेच्या नळीने १० मिनिटं छतावर पाणी सोडायचं. आतल्या माणसाच्या हातात खडू. जिथे थेंब तिथे खूण.

बसवताना

जागा चुकली की पुढचे चार महिने निस्तरण्यात जातात. गोल्फच्या मैदानावर ही जागा पुष्कळदा ‘खेळाडूंना दिसू नये’ एवढ्याच निकषावर ठरते आणि टॉयलेट खोलगट कोपऱ्यात, झाडाखाली जाऊन बसतं. दोन्ही गोष्टी वाईट. रिकाम्या केबिनचं वजन ९० ते ११० किलो. खाली वीतभर पाणी साचलं तर टाकीच बोट होते आणि केबिन तळावरून सुटतं. झाडाखाली पानं पडून छतावर कुजतात, वादळात फांदी पडते. गुलमोहर आणि रेन ट्री यांचा तर पावसाळ्यात मुळीच भरवसा धरू नये.

उंचवटा शोधा. तिथे १५ सेंटिमीटर मुरूम कुटून घ्या, वर खडीचा पातळ थर, त्यावर पेव्हर ब्लॉक किंवा सिमेंटच्या लाद्या. तळ केबिनपेक्षा चारी बाजूंनी अर्धा मीटर मोठा, आणि दारासमोर दीड मीटर. उतार मीटरला १ ते २ सेंटिमीटर, दारापासून लांब जाणारा. वरच्या अंगाला वीतभर खोल चर काढून येणारं पाणी वळवा. जमीन काळी असेल तर हा तळ दुप्पट जाड करा. काळी माती पाणी प्यायली की फुगते, उघडीप मिळाली की आकसते, आणि केबिन कलतं. कललेल्या केबिनची पहिली तक्रार दाराची येते. चौकट पिरगळते, कडी भोकात बसत नाही, लोक दार दोरीने बांधतात. तेव्हा बिजागरीला हातोडा मारू नका. आधी तळावर लेव्हल बॉटल ठेवा.

दाराचं तोंड पूर्वेला किंवा ईशान्येला ठेवा. मोसमी वारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, त्या बाजूला दार असेल तर झड थेट कागदाच्या रिळावर. वळवाचा पाऊस कुठूनही येतो, पण तो घटकाभराचा. आषाढातली झड दिवसदिवस चालते.

आता वाऱ्याचं. ९० किलोचं रिकामं केबिन, सव्वादोन मीटर उंच, भिंत सपाट. गणित मांडलं तर ताशी ६० किलोमीटरच्या आसपासच्या झोतात ते कलंडू शकतं, आणि वळवाच्या वादळात असे झोत येतात. म्हणून बांधणं अटळ आहे. पण गोल्फच्या मैदानावर डोळे मिटून लोखंडी खुंट्या ठोकायच्या नाहीत. गवताखाली स्प्रिंकलरचे पाइप आणि व्हॉल्व्हच्या वायरी पसरलेल्या असतात, पुष्कळदा फूट-दीड फुटावर. खुंटी त्यात गेली तर पावसाळाभर कळतही नाही, कारण तेव्हा स्प्रिंकलर बंद असतात. कळतं ते दिवाळीनंतर, पहिल्यांदा पाणी सोडल्यावर. खुंटी ठोकायचीच असेल तर आधी मैदानाच्या प्रमुखाकडून पाइपलाइनचा नकाशा घ्या. त्याहून बरं म्हणजे वजन. तळाच्या दोन्ही पट्ट्यांवर मिळून १२० ते १५० किलोचे काँक्रीटचे ठोकळे, रॅचेट पट्ट्याने आवळून. भिजलेल्या मातीत खुंटीची पकड ढिली होते, ठोकळ्याला त्याने काही फरक पडत नाही.

आणि केबिन टीवरून चेंडू जातो त्या रेषेत नको. चेंडू भिंतीला लागला तर आतल्या माणसाचा जीव दचकतो आणि थंडीत कडक झालेलं प्लास्टिक तडकतं.

किती जण वापरतात?

इथे आम्हाला मनापासून एक गोष्ट सांगायची आहे. गोल्फ क्लबात टॉयलेटचा हिशेब बहुतेक वेळा खेळाडूंवर होतो. चौघांच्या गटाबरोबर चार कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या पिशव्या वाहणारे, चालतात. गवत कापणारे माळी, बंकरमधली वाळू ओढणारी माणसं, तण काढायला बसलेल्या बायका सकाळी सहापासून मैदानावर असतात. त्यांना खेळाडूंच्या टॉयलेटला जायला मज्जाव असेल तर ती माणसं नाल्याकडेला जातात, आणि पावसाळ्यात नाल्याकाठी साप असतात. कामावरच्या बायका तर दिवसभर पाणीच पीत नाहीत. टॉयलेट मोजताना ही सगळी माणसं मोजा आणि दारावर ‘फक्त सभासदांसाठी’ लिहू नका.

आकडे घेऊ. रविवारी ६० खेळाडू, ६० कॅडी, २० कामगार. यातल्या निम्म्यांनी एक टॉयलेट एकदा वापरलं तर ७० खेपा. आपल्याकडे पाण्याने धुतात. हॅण्ड शॉवर मिनिटाला ४ ते ६ लिटर सोडतो, म्हणजे २० सेकंदांत दीड-दोन लिटर. सगळ्या खेपांची सरासरी दीड लिटर धरली तर १०५ लिटर. सुरुवातीला वास मारणारं औषध घालून टाकीत भरलेले २० लिटर पाणी धरून १२५. टाकी २५० लिटरची असली तरी दोन तृतीयांशाच्या वर, म्हणजे काठीवर ३० सेंटिमीटरच्या वर, जाऊ द्यायची नसते, कारण त्यापुढे शिंतोडे उडतात. म्हणजे हाताशी फक्त १६५ लिटर. शनिवार-रविवार मिळून ती पुरणार नाही. उपसा शनिवारी संध्याकाळी करायचा, सोमवारी नाही.

विदेशी माहितीपत्रकात ‘आठवड्यातून एकदा’ लिहिलेलं असतं. ते कागद वापरणाऱ्यांसाठी आहे.

धुण्याचं पाणी कमी करायला हॅण्ड शॉवरच्या अँगल कॉकला अर्ध्यावर आवळून ठेवा, किंवा लिटरभराचा मग द्या. पाण्याची टाकी छतावर ठेवू नका, वरचं वजन केबिनला कलंडवतं. बाहेर जमिनीवर १०० लिटरचा झाकणाचा पिंप आणि पायाने दाबायचा पंप पुरतो. पिंप भरायला मैदानाच्या स्प्रिंकलर लाइनचं पाणी घेऊ नका. कित्येक मैदानांना सांडपाणी प्रक्रियेचं पाणी दिलेलं असतं, ते हाताला लावायचं पाणी नव्हे.

उपसा, गवत न फाडता

भरलेला ५००० लिटरचा टँकर गाडीसकट ९-१० टनांच्या घरात जातो. बग्गीचा रस्ता तेवढ्यासाठी बांधलेला नसतो, कडा तुटतात, मोऱ्या दबतात. भिजलेल्या फेअरवेवर तर तो गेलाच नाही पाहिजे. चाकोरी बुजवता येते, पण खाली दाबली गेलेली माती पुढची दोन वर्षं पाणी धरून ठेवते आणि गवत पिवळं पडतं.

टॉयलेट पक्क्या रस्त्यापासून २०-२५ मीटरच्या आत ठेवलं असेल तर दोन इंची सक्शन पाइपची ३० मीटरची एक गुंडाळी पोचते. पाइप चढावर टाकावा लागत असेल तर उंचीचा फरक ४ मीटरपर्यंतच धरा. कागदावर व्हॅक्यूम ९-१० मीटर ओढतो, पण मैला घट्ट असतो आणि सांधे हवा खातात. गाडी म्हणून छोट्या ट्रॅक्टरच्या मागे रुंद, कमी हवेच्या टायरांची ५०० लिटरची टाकी उत्तम. संततधारेत तीही रस्त्यावरच थांबवायची.

उपशाचा क्रम सांगतो. आधी कागदाचे गोळे, बाटल्या, पॅड चिमट्याने काढा. नाहीतर तेच पाइपच्या तोंडात अडकतात आणि मग हात घालायची वेळ येते, जी येऊच द्यायची नाही. पाइपचं तोंड तळाच्या चारी कोपऱ्यांत फिरवा, १०-१५ लिटर पाणी मारून तळ खरवडा, पुन्हा ओढा. पाइप बाहेर काढताना तोंड वर धरून पंप चालूच ठेवा म्हणजे आतलं गाडीत जातं, गवतावर ओघळत नाही. सांध्याखाली बादली हवीच. मग २० लिटर स्वच्छ पाणी आणि पाकिटावर लिहिलेला औषधाचा डोस.

या औषधाचं पावसात काय होतं ते समजून घ्या. डोस २० लिटरच्या मापाने दिलेला असतो. टाकी १०० लिटरवर गेली की तेच औषध पाचपट पातळ होतं. निळा रंग हिरव्यावर गेला की त्याचं बळ सरत आलं. छताचं पाणी आत येत असेल तर हिरवा रंग दुसऱ्याच दिवशी दिसतो, म्हणून काठीच्या शेजारी वहीत रंगही लिहा. फॉर्मल्डिहाइडचं औषध घेऊ नका. मैला क्लबच्या सांडपाणी प्रकल्पात जात असेल तर तिथले जिवाणू त्याने मरतात. जिवाणू-एन्झाइमचं घ्या. त्यावर ब्लीच ओतू नका, नाहीतर औषधच मरतं. आणि प्रकल्पात मैला सोडताना तो पहिल्या समीकरण टाकीत, म्हणजे येणारं सांडपाणी आधी साठवून एकसारखं करणाऱ्या टाकीत, थोडा थोडा सोडा. एकदम ५०० लिटर हवेच्या टाकीत ओतले तर छोटा प्रकल्प फेसाळतो.

गवतावर सांडलं तर चुना किंवा ब्लीच टाकायचं नाही, दोन्ही बर्म्युडा गवत जाळतात. भुसा किंवा कोरडी माती टाकून शोषून घ्या, खराट्याने गोळा करून पिशवीत भरा आणि तेवढी गवताची ढलपी काढून बदला.

वास, ओल आणि जिवाणू

उन्हाळ्यात वास जास्त आणि पावसाळ्यात कमी, असं वाटतं. प्रत्यक्षात पावसाळ्यात तो निघत नाही. उन्हाने तापलेल्या पाइपमधून हवा वर ओढली जाते. ढगाळ दिवसांत आत-बाहेर तापमान सारखं, ओढ बंद. तेव्हा वाऱ्यावर फिरणारी टोपी बसवली आणि सीटचं झाकण बंद ठेवलं तर बराच फरक पडतो. झाकण उघडं राहिलं तर वास पाइपाऐवजी केबिनमध्ये येतो. ‘जाताना झाकण लावा’ एवढी मराठी-हिंदी पाटी पुरे. भिंतीच्या वरच्या जाळ्या पावसाच्या भीतीने प्लास्टिक चिकटवून बंद करू नका. कुबट वास आणि काळी बुरशी तिथूनच सुरू होते.

साफसफाईत पाणी कमीत कमी. नळी मारून धुतलं तर ते पाणी एकतर टाकीत जातं नाहीतर दारातून चिखलात. हातपंपाच्या स्प्रेने वरून खाली फवारा, ब्रश, मग वायपर, मग कोरडं फडकं. सीट, कडी आणि नळ यांना ब्लीचचं पाणी: ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर २० मिलिलिटर घेऊन पाण्याने १ लिटर करा, १० मिनिटं राहू द्या, पुसून घ्या. रोज नवीन बनवा, कालचं चालत नाही. मुतारीवरचा पिवळा थर काढायला आम्ल वापरतात. ते आणि ब्लीच एकाच दिवशी एकाच केबिनमध्ये आणू नका. दोन्ही मिळाली की क्लोरीन वायू होतो, आणि दीड हात जागेत दार लावून वाकलेल्या माणसाला बाहेर पडायलाही वेळ मिळत नाही. मूत्रावर तीव्र ब्लीच ओतलं तरी घातक वायू होतात.

फरशीवर भोकांची रबरी मॅट टाका. गोल्फच्या बुटांचे प्लास्टिक स्पाइक ओल्या एचडीपीईवर साबणासारखे घसरतात. दाराबाहेर बूट खरवडायचा लोखंडी पट्टा आणि काथ्याचा ब्रश ठेवला तर निम्मा चिखल आणि कापलेलं गवत बाहेरच राहतं. कागदाचं रीळ झाकणाच्या डब्यात, आणि सुटं रीळ वर ठेवायचं नाही. दमट हवेत ते दोन दिवसांत लगदा होतं. पॅडसाठी झाकणाची बादली आणि गुंडाळायला कागद, महिला खेळाडूंबरोबर कामावरच्या बायकांसाठीही.

केबिनच्या खाली आणि मागे रोज टॉर्च मारा. मैदान निथळत असताना तळाखालची कोरडी फट घोणसीला आणि नागाला आवडते. फट पेव्हरच्या तुकड्यांनी बंद करता येते, फक्त पाणी निघायला उताराच्या बाजूला बारीक जाळी ठेवा. भिंतीवर शंखी गोगलगायी चढतात. त्या चिमट्याने काढा, उघड्या हाताने नको. मीठ टाकू नका, ते वाहून ग्रीनपर्यंत, म्हणजे भोकाभोवतीच्या गवतापर्यंत, जातं. पिंपाचं झाकण, ताडपत्रीच्या घड्या, उलटी ठेवलेली बादली, जिथे जिथे पाणी साचतं ते आठवड्यातून एकदा ओतून कोरडं करा. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडेपर्यंत साधारण तेवढाच वेळ घेतो.

काम करणाऱ्याला गुडघ्यापर्यंतचे गमबूट, आत नायट्राइल आणि वर लांब रबरी हातमोजे, डोळ्यांना गॉगल. पायाला चिखल्या झाल्या असतील किंवा जखम असेल तर त्या दिवशी त्याला चिखलातलं काम देऊ नका, लेप्टो तिथून शिरतो. धनुर्वात, टायफॉइड आणि हेपॅटायटिस ए यांच्या लसींचा खर्च क्लबने करावा. साठवणटाकीत किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं कधीच नाही. माणसाच्या हातून मैला उचलण्यावर आणि अशा धोकादायक सफाईवर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.

विजेचं वेगळं सांगायला हवं. वळवाच्या पावसात आणि पुन्हा हस्तात गडगडाट सुरू झाला की खेळाडू जवळचा आडोसा म्हणून टॉयलेटकडे धावतात. प्लास्टिकचं केबिन विजेपासून वाचवत नाही. दारावर मोठ्या अक्षरांत लिहा: ‘वीज कडाडत असताना इथे थांबू नका, क्लब हाउस किंवा बंद गाडी गाठा.’ भोंगा वाजला की माळ्याने त्या वाटेने जाऊन आतल्यांनाही हाक द्यावी, कारण आत छतावर पाऊस वाजत असतो आणि भोंगा ऐकू येत नाही.

ऑरेंज अलर्ट आला तर आदल्या संध्याकाळी टाकी उपसून २० लिटर पाणी घाला, पट्टे पुन्हा आवळा, दार कडी लावून वर दोरीही बांधा. केबिन हलवायचंच असेल तर उपशानंतर. १५० लिटर आत हिंदकळत असताना ओढलं तर तळाची पट्टी वाकते आणि सगळं दारातून बाहेर येतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा काठी घालून आकडा लिहायचा, आणि त्याच्याशेजारी रात्री पडलेला पाऊस मिलिमीटरमध्ये. बहुतेक मैदानांवर पर्जन्यमापक असतोच. दहा-बारा नोंदी झाल्या की पाऊस आणि पातळी एकत्र चढतायत की नाही ते वहीतच दिसतं, आणि छतावर चढायचं की टँकर बोलवायचा ते त्यावरून ठरवता येतं.